मुठीतला बर्फ

आमच्या पहिल्या वहिनीला आम्ही घरात आग्यामोहोळ म्हणायचो, आणि उगाच नाही. एकदा ती भडकली की समोर कोण आहे, हातात काय आहे, कशाचं भान नसायचं. माझ्या काचेच्या कपाटाचा चुराडा तिनेच केला. त्यातली काच टिकलीच्या तळपायात घुसली. टिकली म्हणजे माझी भाची, तिचीच पोटची पोर. त्यानंतर दादाने बायकोला घराबाहेर काढलं, पोरगी ठेवून घेतली, रीतसर घटस्फोट घेतला आणि दुसरं लग्नही केलं. टिकलीला तेव्हापासून मी सांभाळते. तिची वेणी मी घालते, तिला ताप आला की उशाशी मी बसते.

आता बाईसाहेब म्हणे सुधारल्या! भावना आवरायची कसली तरी थेरपी निघालीय, डायलेक्टिकल बिहेवियर की काय. तिथे जाऊन शिकतात: राग आला की त्याला नाव द्यायचं, श्वास सावकाश सोडायचा, ओरडावंसं वाटलं की मुद्दाम आवाज खाली आणायचा. राग नाकारायचा नाही, आणि त्याच्या तालावर नाचायचंही नाही. शिकवणी लावून स्वभाव बदलतो होय? पण टिकलीचा ताबा मागायला ती कोर्टात गेली होती, आणि कोर्टाला ते पटायला लागलं होतं. तिथली समुपदेशक बाई टिकलीशी बोलणार होती. "मला आईकडे जायचंय," एवढं पोरीने म्हटलं की संपलंच, ती आमच्या हातची गेली.

म्हटलं, बघूया तरी किती सुधारलीय. ती एका केकच्या दुकानात कामाला आहे. टिकलीच्या वाढदिवसाचा केक मी मुद्दाम तिथूनच घ्यायला गेले. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि तो पर्सला टेकवून काउंटरवर उभा ठेवला. ती भडकणार, मी ते टिपणार आणि दादाचा वकील ते कोर्टात दाखवणार. साधा सरळ बेत.

"यावर लिही," मी म्हटलं, "'लाडक्या टिकलीला, आईकडून.'"

तिने वर पाहिलं. "माझ्याकडून?"

"तुझा काय संबंध? नव्या वहिनीकडून. टिकली तिलाच आई म्हणते आता."

हे धादांत खोटं होतं. टिकली तिला काकू म्हणते, तेही नाइलाजाने.

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. आता फुटते बघ, म्हणून मी दोन पावलं मागे सरले. पण ती आत गेली, फ्रीजशी काहीतरी खुडबुड केली आणि परत आली. डावा हात बाजूला, मूठ वळलेली. उजव्या हातात क्रीमचा कोन. लांब श्वास सोडून म्हणाली, "ताई, मला खूप राग आलाय, आणि मी हे नीट लिहिणार आहे."

आणि लिहिलंन की! मी म्हटलं, "'आई' जरा मोठं हवं." तिने ते सुरीने अलगद खरवडलं आणि पुन्हा लिहिलं. मग मी शेवटचा घाव घातला. "काचेची आठवण आहे ना? पोरगी अजून अनवाणी चालत नाही."

हे मात्र खरं होतं. कोन हवेतच थांबला. "आठवण आहे," ती म्हणाली. मग खाली वाकून तिने उरलेलं अक्षर पुरं केलं, डबा बंद केला आणि माझ्याकडे सरकवला.

मी चडफडत घरी आले. दादाने व्हिडिओ पाहिला आणि तो उलट खूश झाला. "हे टिकलीलाच दाखव," म्हणाला. "सख्ख्या लेकीच्या केकवर दुसरीला आई लिहिलं आणि डोळ्यात टिपूस नाही. पोरगी आपणहून नको म्हणेल."

केक कापायच्या आधी मी टिकलीला जवळ घेतलं. "बघ बाळा, तुझ्या आईला काही वाटतंय का?"

पोरीने व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "आत्या, तिची मूठ बघ. पाणी गळतंय."

खरंच गळत होतं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"बर्फ आहे तो. अगदीच सहन होत नाही तेव्हा ती बर्फ धरते. मला भेटायला येते ना, तेव्हा शिकवलंय तिने. हात गारठून दुखायला लागला की डोकं जरा शांत होतं." तिचा आवाज बारीक झाला. "शेवटपर्यंत सोडला नाहीये तिने. तिला किती लागलं असेल, आत्या."

मी मोबाइल बंद केला. तीच म्हणाली, "मी तिच्याकडे राहायला गेले, तर तू परत जाशील तिच्या दुकानात?"

काय बोलायचं ते मला झटकन सुचलं. "जाईन की! सारखी जाईन. किती दिवस बर्फ धरेल ती? कधीतरी फुटेलच. मग तूही नाही आणि नोकरीही नाही."

टिकलीने मान हलवली. केकला तिने हात लावला नाही.

समुपदेशक बाईला तिने स्वच्छ सांगितलं, "मला आईकडे जायचं नाही." वहिनी बाहेर बाकावर बसली होती. तिला ते कळवलं, तेव्हा ती ओरडली नाही, माझ्या अंगावर धावूनही आली नाही. भिंतीला धरून उठली. "ती सुखात आहे ना?" एवढंच मला विचारून जिना उतरून गेली. दादा म्हणाला, दगड आहे नुसती.

जिंकलो आम्ही. टिकली आमच्याकडेच राहते. शहाण्यासारखी वागते, उलट उत्तर नाही, हट्ट नाही. फक्त फ्रीजरमधला बर्फ सारखा संपतो. काल जेवताना मी मायेने तिच्या केसांवरून हात फिरवला, तर तिने डावी मूठ घट्ट आवळली. टेबलावर थेंब थेंब पाणी पडायला लागलं. श्वास सावकाश सोडून ती म्हणाली, "आत्या, तू मला अजिबात आवडत नाहीस, आणि मी इथेच राहणार आहे."

मी उठले, फडकं आणलं आणि टेबल पुसलं.