राईची कमान

छत

गेणभाऊ सुताराने छपरात घुसलेली फांदी उपसून बाजूला टाकली आणि भोकातून खाली डोकावला. खाली छकड्यात बिबिजान बांगड्यांच्या माळा सोडवत बसली होती.

“भाभी, उतरा की. घर मोडतोय मी तुमचं.”

“मोड. मी हलायची न्हाई.”

घरच होते ते. चूल, अंथरूण, बांगड्यांच्या पेट्या, सगळे त्या छकड्यात. नवरा गेल्यावरही लग्नसराईत ती जुन्नरहून डोंगरात आहुप्यापर्यंत जाई आणि नवरी मुलींना चुडा भरी. यंदा आहुप्याच्या देवराईच्या कडेला गाडी सोडायच्या आतच वावटळ आली, फांदी छतावर कोसळली, बैल बुजले आणि घाट उतरूनच थांबले.

बाजू

बाजूच्या तट्ट्या फाटल्या होत्या, फळी तडकली होती. मुलगा राजमहंमद मनातून खूश होता. जुन्नरच्या पेठेत त्याचे बांगड्यांचे दुकान होते आणि आईने तिथे सावलीत बसावे असे त्याला वाटे. बाजाराच्या दिवसापर्यंत छकडा उभा राहिला तर जा, नाहीतर विकून टाकू, असे त्याने ठरवून टाकले होते.

गेणभाऊने तट्ट्या नव्या विणल्या, फळीला ठिगळ मारले. अडले ते छताच्या एका कमानीवर. लाकूड भिजवून, शेकून वाकवायला वेळ कुठला? बिबिजान पेठेत माल भरायला गेली तेव्हा त्याची नजर त्या फांदीवर पडली. जन्मतःच वाकलेली. त्याने ती तासून बसवली, वर किंतान ताणले. गेणभाऊ दूरच्या आळे गावचा, राईचे नियम त्याच्या गावीही नव्हते.

राजमहंमदने छकडा गदागदा हलवून पाहिला. करकरला नाही. तो दुकानात निघून गेला.

पुन्हा छत

आहुप्यात गावची जाणती झुंबरबाई नवरी झालेल्या नातीला घेऊन छकड्यात चढली आणि वर बघतच राहिली. कमानीच्या टोकाला साल तशीच होती.

“बिबिजान, ह्ये लाकूड कुटलं?”

बिबिजानने वर पाहिले आणि तिच्या हातातला चुडा थांबला. राईतली वाळकी काटकीसुद्धा इथे कुणी चुलीत घालत नसे.

“तुमच्या राईचंच. छपरात अडकून खाली आलं, सुतारानं बसवलं. मला आत्ता कळतंय. काढा. छत पडलं तर पडू द्या.”

बाहेर म्हाताऱ्यांची बराच वेळ कुजबूज चालली. छत गेले तर पुढच्या साली चुडा कोण आणणार, असे कुणीतरी म्हणालेही. शेवटी झुंबरबाई आत वाकली.

“ऱ्हाऊ दे. पर वरसातून एकदा त्येला हितं आणून राईतल्या देवाला दावायचं. त्यात खंड न्हाई पडायचा.”

बिबिजानला हसू आवरेना. “ह्ये माझ्या पोराला तुमीच सांगा, बाई.”

झुंबरबाई खरेच घाट उतरली. भर दुकानात तिने राजमहंमदला बजावले. आईशी तो भांडला असता. देवाशी, तेही दुसऱ्यांच्या, काय भांडणार?

जे मोडले नाही

पुढे कितीतरी लग्नसराया बिबिजान अशी हसतच घाट चढली.

ती वारली त्या साली आहुप्याच्या बायांनी वाट पाहणे सोडून दिले होते. दुपारी चाकांचा आवाज आला. राजमहंमदने राईच्या कडेला बैल सोडले, कमान झाडांकडे करून छकडा नीट लावला. बाया कडेने उभ्या राहिल्या. मग एका नवरीने हात पुढे केला.

तो आत चढला आणि डोक्याला कमान लागू नये म्हणून, आई बसायची तसाच, किंचित वाकून बसला.