काचेतल्या बाईचं डोकं

बदलापूरच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या सुनंदाबाईंचा एका माणसावर भारी राग होता, आणि तो माणूस कधी जन्मालाच आलेला नव्हता. तो म्हणजे प्रामाणिक बूटपॉलिशवाला. दरवर्षी अंबरनाथला शिवमंदिराकडच्या हॉलमध्ये एका महिला मंडळाची बालकथा स्पर्धा व्हायची, आणि दरवर्षी हा कार्टा तिथे हजर! त्याला साहेबाचं पाकीट सापडायचं, तो धावत जाऊन परत द्यायचा, साहेब त्याला शाळेत घालायचा आणि खाली ठळक अक्षरात तात्पर्य. भाग घेणाऱ्या, कारखान्यातल्या ऑफिसरांच्या पोरांनी स्वतःच्या बुटाला कधी ब्रश लावलेला नसे. पण गोष्ट लिही म्हटलं की निघाले पॉलिशची डबी घेऊन. लिहिणाऱ्या अर्थातच त्यांच्या आया.

"एवढ्या आया आणि पाकीट एकच," बाई स्टाफरूममध्ये म्हणायच्या. "निदान त्याचा रंग तरी बदला गं!"

शाळेतही काही वेगळं नव्हतं. मुख्याध्यापक दिनानाथ सर स्वतः गोष्ट रचायचे, पोरं पाठ करायची आणि अंबरनाथला जाऊन ओकून यायची. बाईंनी भांडभांड भांडून शनिवारचा एक तास मिळवला. गोष्टीचा तास! तिथे गाइड नाही, तात्पर्य नाही, कुणी कुणाला काही सांगणार नाही. बाई घरून एखादं गंजकं कुलूप आणायच्या, नाहीतर एकच चप्पल, आणि विचारायच्या, "ही दुसरी चप्पल कुठे गेली असेल?" पोरं काहीतरी बोलायची. बाई म्हणायच्या, "मग?" बस्स. बाईंचं सगळं शास्त्र त्या 'मग'मध्ये होतं.

"हे 'मग मग' ठीक आहे," दिनानाथ सर म्हणाले, "पण यंदा बक्षीस आणा. नाही आलं तर शनिवारी गणित."

झालं! तो तास गेला असता तर नोकरीत त्यांना दुसरं काही गोड उरलं नव्हतं. पण त्यांचा भरवसा वर्गातल्या नवसीवर होता. नवसी बारवी रस्त्यावरच्या एका पाड्यावरून यायची. बापाची, सुकऱ्याची, थोडी भाताची जमीन. आई चंद्री बदलापूरच्या बाजारात भाजी विकायला बसायची. दिवाळीनंतर चंद्री शाळेत आली होती, फडक्यात तांदूळ बांधून. "बाय, नव्या भाताचं हाय. घरी ने, खा." बाईंनी तो रांधला, शेजारणींना त्याचा वास देऊन आल्या, आणि मग विसरूनही गेल्या.

नवसी एकदा मामाच्या लग्नाचा बस्ता बांधायला उल्हासनगरला, कॅम्प दोनला जाऊन आली, आणि शनिवारी उभी राहून सांगू लागली.

"एका सेठच्या दुकानात काचेत बाई उभी हाय. भारी घागरा घातलाय. पन तिला डोकाच नाय."

"मग?"

"मंग दुपारी सेठ अर्धा शटर पाडून झोपला. ती निघाली डोका शोधाया. भांड्याच्या दुकानात गेली, कुकर उचलला, बसवला मानेवर. आता तिला राग आला की शिट्टी होते. सेठला वाटतं, जेवन झालं!"

वर्ग खाली पडायचा बाकी होता. नवसीचा आवाज चढत गेला. काचेतल्या बाईने मानेवर पंखा लावून पाहिला, तर विचार सगळे उडून जात. टीव्ही बसवला, तर ती नुसत्या बातम्या देत सुटली. शेवटी तिला कुठलं डोकं बसतं ते अजून ठरायचं होतं. बाईंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

आणि घरी जाऊन त्यांच्या मनात शंका शिरली. परीक्षक होते शशिकांतराव, कारखान्यातले मोठे अधिकारी आणि फावल्या वेळचे लेखक. 'मातीतलं लिहा, भोगलेलं लिहा' असं दर भाषणात सांगणारे; स्वतः मात्र धुळीच्या भीतीने गाडीची काच खाली करत नसत. बाई त्यांचीही टिंगल करायच्या. पण आता शनिवारचा तास पणाला लागला होता. पाड्यावरची पोर आणि कुकरचं डोकं? सिनेमातलं उचललंय म्हणतील!

"नवसी, तू तुझं लिही," बाई सोमवारी म्हणाल्या.

"ही माझीच हाय, बाई."

"तसं नव्हे गं. घरचं. पाड्यावरचं. पावसाळ्यात तुमच्याकडचं धान्य संपतं ना?"

"नाय. कणगी असते."

"पण कधीतरी? आजीच्या वेळी?"

पोरीने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. बाईंना काहीतरी हवंय आणि आपल्याला ते देता येत नाही, एवढं तिला कळलं. "आजी सांगते, एकदा नुसतं कंद खाल्लंलं."

बाईंचे डोळे चमकले. "मग?"

वाहवा! इतकी वर्षं ज्या 'मग'ने पोरांची तोंडं उघडली, त्याची बाईंनी पहार केली. आठवडाभरात गोष्टीतल्या आजीच्या जागी आई आली, 'एकदा'चं 'रोज' झालं. नवसीच्या भावाला, म्हणजे गरगरीत कान्हाला, बाईंनी उपाशीपोटी तापाने फणफणवला. मारला मात्र नाही, तेवढा संयम पाळला. वर पुन्हा समजूत अशी की मी फक्त प्रश्न विचारले, लिहिलं तिनेच. तात्पर्यही नव्हतं. बाईंना स्वतःचा फार अभिमान वाटला.

स्पर्धेच्या दिवशी पहिल्या पोराने पाकीट परत केलं. दुसऱ्यानेही केलं. बाई रुमालाआड हसल्या. मग नवसी उठली आणि वाचू लागली, बाईंनी शिकवलं होतं तसं, थांबत थांबत. आई पातेल्यात पाणी उकळत ठेवते, पोरांना वाटावं की काहीतरी शिजतंय. हॉलमध्ये पर्स उघडल्या, रुमाल निघाले. शशिकांतरावांनी चष्मा पुसला. "हे अस्सल आहे! ही भूक खोटी लिहिताच येत नाही," ते म्हणाले आणि पहिलं बक्षीस देऊन टाकलं.

मागच्या खुर्चीवर चंद्री बसली होती. लग्नातलं लुगडं नेसून, केसांत फुलं माळून आली होती. मांडीवर कान्हा, त्याच्या हातात वडा. तिला वाचन नीट ऐकू आलं नव्हतं. लेकीला टाळ्या मिळाल्या म्हणून तीही वाजवत होती. तेवढ्यात मंडळाच्या बायकांनी तिला गराडा घातला. एकीने जुने फ्रॉक कबूल केले, दुसरी डोळे पुसत म्हणाली, "तांदळाची गोणी पाठवते हं, आता पातेल्यात नुसतं पाणी नाही उकळायचं."

"कोन उकळतं पानी?" चंद्री म्हणाली. तिला मग सगळी गोष्ट सांगण्यात आली. तिचा चेहरा लाल झाला. "आमच्या घरात कोन उपाशी हाय? ह्या पोराला उचला, उचलवतो का बघा!"

"बघा, काय स्वाभिमान!" ती बाई शेजारणीला म्हणाली आणि पुन्हा डोळे पुसू लागली.

चंद्री गर्दीतून वाट काढत थेट सुनंदाबाईंपुढे येऊन उभी राहिली. ओरडली नाही. "बाय, तू खाल्लास ना आमचा भात?"

"अगं चंद्री, गोष्ट असते ती. गोष्टीत असं..."

"मंग तिच्यात माझी चूल कशाला इझवलीस?"

चंद्रीने कान्हाला कडेवर घेतलं, नवसीचा हात धरला आणि चालू लागली. बक्षिसाचा कप नवसीच्या दुसऱ्या हातात होता. तो तिने फ्रॉकच्या घेरात लपवला. बाईंना लाज वाटली, भयंकर लाज वाटली. त्यांना तो बूटपॉलिशवाला आठवला. बिचाऱ्याने निदान कुणाच्या आईचं नाव तरी घेतलं नव्हतं.

सोमवारी दिनानाथ सरांनी पेढे वाटले. "तास कायमचा तुमचा, बाई! पुढल्या वर्षी अशीच एखादी पोर पकडा." बाईंनी पेढा हातात घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला.

शनिवारी त्यांनी वर्गात कुलूप आणलं नाही, चप्पल आणली नाही. सरळ नवसीच्या बाकाशी जाऊन बसल्या. "नवसी, माझं चुकलं. मला ती काचेतली बाई हवी आहे. तुला हवी तशी लिही. मी काही विचारणार नाही."

नवसीचा चेहरा उजळला. तिने वही ओढली आणि भराभर लिहीत सुटली. घागरा आला, सेठ आला, कुकरही आला. बाईंच्या जिवात जीव आला. मग पोर थांबली, पेन्सिल चावत राहिली आणि बाईंच्या तोंडाकडे पाहू लागली. 'घरचं लिही' म्हटलं तेव्हा पाहिलं होतं, अगदी तस्संच.

"बाई, हिच्यात उपाशी कोनाला ठेवू?"

"कुणालाच नको गं."

"असा कसा? मंग बक्षीस नाय मिळायचं." नवसीने क्षणभर विचार केला आणि तिला एकदम सुचलं. "बाई, तिला डोकाच नाय, म्हंजे तोंड पन नाय. ती सगळ्यात उपाशी. चालेल?"

आणि बाईंचं उत्तर यायच्या आत तिने कुकर खोडला.