खालची फळी

उभ्या पियानोची खालची फळी काढायला एकही स्क्रू फिरवावा लागत नाही. वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर असलेली ही फळी एका पितळी पट्टीने अडकवलेली असते. पट्टी अंगठ्याने दाबली की फळी हातात येते. हे मी आरंभीच सांगतो, कारण पुढे जे उघडकीला आले त्याला वेळ, श्रम किंवा अवजारे यांपैकी कशाचीही सबब चालणार नाही.

सूर लावून झाले की पियानोच्या आत पेन्सिलीने तारीख घालून सही करायची, ही आमच्या धंद्यातली रीत. माझे वडील ती सही खालच्या फळीच्या पाठीवरच करीत, आणि मलाही त्यांनी तोच नियम घालून दिला होता. सहीसाठी तरी फळी निघते, आणि फळी निघाली की आत पाहणे टळत नाही.

आमच्या चर्चच्या कांदेलारिया सणाला चार दिवस उरले असताना माएस्त्रा ओब्दुलियांच्या घरून बोलावणे आले. त्यांची भाची लिओनिला दारातच नाकाला पदर लावावा तसा हातरुमाल लावून उभी होती.

"मानोंग," थोरल्या भावाला हाक मारावी तशी ती म्हणाली, "सणाला चाळीस माणसं जेवायला यायची आहेत, आणि तुमच्या पियानोतून मेलेल्या उंदराचा वास येतोय!"

"पियानो माझा नाही, इंडाय, पोरी. मी फक्त सूर लावतो."

"दरवर्षी उघडता ना? मग उंदीर काय तुमची परवानगी काढून आत गेला?"

माएस्त्रा खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. वय एक्याऐंशी, पन्नास वर्षे त्यांनी हारो भागातल्या मुलींना पियानो शिकवला आणि दोन वर्षांपूर्वी एकाएकी सगळ्या शिष्यांना निरोप दिला. त्याचे कारण मला ठाऊक होते. त्यांनी मला फोन केला होता, "तेरियो, तू गेल्यावर आठवड्यात खालचे सूर उतरतात. घरघरतात मेले." आणि मी म्हणालो होतो, "पियानो उत्तम आहे, माएस्त्रा. वयाप्रमाणे आपले कानही..." वाक्य मी सभ्यपणाने अर्धे सोडले. ते त्यांनी पूर्ण केले आणि शिकवणे सोडले.

मी पट्टी दाबली. फळी सुटली, आणि तिच्यामागून जो दर्प बाहेर आला तो केवळ नाकाला नव्हे, जिभेलाही लागला.

दमट हवेने लाकूड फुगू नये म्हणून आमच्याकडे पियानोच्या पोटात एक लहान दिवा रात्रंदिवस जळता ठेवतात. तो दिवा तिथे नव्हता. त्याच्या जागी पत्र्याच्या परातीत कच्चा तांदूळ होता; निदान कधीकाळी तो तांदूळ असावा. आता ती एक करडी, जाळी धरलेली रास होती आणि ती हलत होती, इतके टोके किडे तिच्यात पडले होते. परातीशेजारी कुरतडलेला लोकरी नमदा, नोव्हेनाच्या प्रार्थनापुस्तिकेची पाने आणि केस यांचे घरटे. पायपट्ट्यांच्या दांड्यांमध्ये एक उंदीर अडकून मेलेला. त्याची कातडी दांडीला चिकटली होती.

"हा तांदूळ कोणी ठेवला?"

"मीच," लिओनिला म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी दिवा गेला. तांदूळ ओल ओढून घेतो म्हणून ठेवला. मिठाच्या बाटलीत नाही घालत आपण?"

मी घरटे चिमट्याने बाजूला केले. खालच्या तारा जिच्यावरून जातात ती लाकडी घोडी एका टोकाला सुटली होती; उंदरांच्या मुताने तिचा सरस विरघळला होता. अशा घोडीवर सूर आठवडाभरही टिकत नाही. तो घरघरतो.

मग मी फळी उलटी केली. वडिलांच्या सह्यांखाली माझ्या सह्या ओळीने होत्या. शेवटची सात वर्षांपूर्वीची. त्या दिवशी याच पोटातून एक झुरळ माझ्या बाहीत शिरून काखेपर्यंत गेले होते. मला इतकी शिसारी आली की पुढच्या वर्षीपासून मी सही वरच्या झाकणाच्या आतल्या बाजूस करू लागलो. तिथे सहा सह्या होत्या. त्यांतली एकही खोटी नव्हती, कारण सूर मी खरोखरच लावले होते. असा युक्तिवाद मी मनाशी मांडू लागलो आणि त्या युक्तिवादाचीच मला किळस आली.

लिओनिला माझ्या कानाशी वाकली. "झाडून घ्या, फळी लावा, सूर लावा. मावशीला सांगू नका. बिचारीनं मनाची तयारी केलीय. आणि तसंही तिला कुठं ऐकू येतंय?"

ते वाक्य तिचे नव्हते; माझेच होते, आणि दोन वर्षे या घरात कुजत पडले होते.

"कुजबुजता कशाला?" खिडकीतून आवाज आला. "कुठं ऐकू येतंय ते मला विचारा की."

लिओनिलाचा चेहरा उतरला. मी उठून सगळे सांगितले. घोडी, तांदूळ, फळी, झुरळ, झाकणावरच्या सहा सह्या, काहीही न वगळता.

"कुठले सूर?" माएस्त्रांनी विचारले.

"डावीकडचे, साधारण दहाव्यापासून..."

"अकरावा आणि बारावा. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. सात पोरी होत्या माझ्याकडे, तेरियो. त्यातली एक तर माझ्याआधी चूक ओळखायची. तिलासुद्धा मी घरी पाठवलं."

"घोडी मी पुन्हा बसवतो, माएस्त्रा. सरस पक्का वाळला की..."

"ते तू करशीलच. लिओनिला, माझी वही आण आणि पोरींच्या घरी फोन लाव. सांग, म्हातारीचे कान शाबूत आहेत." मग माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, "तू आधी ती परात हातानं रिकामी कर. मग वरच्या झाकणावरच्या त्या सहा सह्या पूस."

मी परात रिकामी केली. टोके मनगटावर चढले, बाहीत शिरले. मी हात झटकला नाही. कलामन्सी लिंबाच्या रसाने बोटे धुतली, तरी तो वास नखांखाली तसाच राहिला. मग मी झाकण उचलले आणि खोडरबर घेऊन एकेक तारीख खरखर आवाज करीत खरवडू लागलो. अखेरची सही फिकट होती. ती कोणाच्या नजरेस येणार नाही असे वाटून मी खोडरबर खिशात टाकला.

"पाचच झाल्या, तेरियो," माएस्त्रा खिडकीपाशी पाठमोऱ्याच बसून म्हणाल्या.