पाटावरचं वायफाय

दसऱ्याच्या दिवशी दुपारी तीनला माझ्या नातीची, मनस्वीची, नोकरीसाठी परीक्षा होती. घरीच, कॉम्प्युटरवर. ऑफिस ऐरोलीत, पण परीक्षा घेणारे परदेशात. त्यांना आपला दसरा काय ठाऊक? मोबाइलवर देता येणार नाही, आणि तीनला हजर नसेल त्याचं नाव कट.

सव्वादोनला ती ओरडली, "पप्पा, नेट नाही!"

माझा मुलगा दिपेश बनियनवरच धावत आला. वायफायचं खोकं भिंतीवर हिरवे दिवे लावून मजेत होतं. त्यानं ते बंद करून चालू केलं. कॉम्प्युटर ढिम्म. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. माझ्या मुलाला येते ती दुरुस्ती एवढीच. गाडी बंद पडली तर तो दारं उघडून परत लावतो.

"तुमच्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावा," मनस्वी म्हणाली. तेही कॉम्प्युटरला दिसेना. मोबाइल वायरीनं जोडला, तर वायर नुसती चार्जिंगची निघाली.

"म्हणजे खोकं बरोबर आहे. कॉम्प्युटरच बहिरा झालाय." ती माझ्याकडे वळली. "आजा, सकाळी तुम्ही पुसत होता ना ह्याला?"

"कोरड्या फडक्यानं. पान्याचा थेंब नाय लावला."

तिनं वाकून मागे टॉर्च मारला. "इथे नखाएवढा काळा तुकडा असतो. वायफाय तोच पकडतो. कुठे गेला?"

मी देवाच्या खोलीकडे पाहिलं.

आम्ही दिवा गावचे आगरी. खाडीत माझी होडी होती तेव्हा दसऱ्याला पाटावर हत्यारं मांडायचो: कोयता, फावडं, जाळं. होडी पाटावर मावत नाही, म्हणून तिचं वल्हं ठेवायचं. वल्ह्याला हळदकुंकू लागलं की होडीला पोचलं. यंदा म्हटलं, नातीचं हत्यार कॉम्प्युटर. पण ते धूड काही मला उचलेना. मागे हात घातला. मी वाचायला म्हातारपणी शिकलो, पण तिथं वाचण्यासारखं काही नव्हतंच. जे सहज निघालं ते पाटावर ठेवलं.

"पाटावर हाय," मी हळूच म्हणालो.

"बाबा, वायफायची पूजा घातलीत?" दिपेशनं कपाळ धरलं.

मनस्वी देवाच्या खोलीत धावली, तर दारात माझी बायको सरस्वती. "हात नाय लावायचा. मांडलेलं हत्यार उद्या उचलायचं."

"आजी, तीनला परीक्षा आहे!"

"त्यांना सांग, आमचं हत्यार पूजेला बसलंय."

पावणेतीन झाले. मनस्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मला बोलावंच लागलं. "सरस्वती, पाटावरच्या विळीनं मघाशी कोथिंबीर कोनी चिरली?"

ती चपापली. "बघत व्हता? पावने येनार, जेवन कसं व्हनार मग?"

"पोरीचंबी जेवनच हाय ते."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर खाडीपार गेला असता. मग तुकड्यावर अक्षता टाकल्या, देवाला पुटपुटली, "पोरीचं काम हाय, संध्याकाळी आनून बसवते," आणि तो नातीच्या हातावर ठेवला.

दिपेशनं दात घासायच्या ब्रशनं त्यातलं कुंकू काढलं. तुकडा बसवला. आठ मिनिटं उरली असताना कॉम्प्युटरवर अख्ख्या बिल्डिंगची वायफाय नावं झळकली. मनस्वीनं आम्हाला बाहेर ढकलून कडी लावली. आवाज आला तर परीक्षा रद्द, म्हणाली.

आणि तेव्हाच लोक आपट्याची पानं घेऊन यायला लागले. मी जिन्यात स्टूल टाकून बसलो. जो येईल त्याला तोंडावर बोट ठेवून पायरी दाखवायची. शेजारची पुतळामावशी घाबरून कुजबुजली, "कोन गेलं रं, गोटीराम?"

"कोनी नाय. नात परीक्षेला बसलीय."

तासाभरात पायऱ्या तळमजल्यापर्यंत भरल्या. हातात पानं, तोंडं बंद. आमच्या गावात एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. कुणाचा मोबाइल वाजला तर सरस्वतीनं तो हिसकावून पदराखाली दाबला.

साडेचारला कडी निघाली. "झाली!" मनस्वी म्हणाली. सगळ्यांनी आधी तिलाच सोनं दिलं. हात पुरेनात, तिनं ओढणी पसरली.

"पास झालीस ना?" पुतळामावशीनं विचारलं.

"ते पंधरा दिवसांनी कळेल, मावशी."

"पंधरा दिवसांनी?" मावशी गुडघा धरून उठली. "मग या म्हाताऱ्यानं आमाला आजच कशाला गप्प बसवलं?"