माझ्या आवाजाचे एक्केचाळीस तुकडे

गळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. सतरा वर्षं ऑफिसचे फोन घेणारी बाई मी. माझं तोंड बंद म्हणजे नवऱ्याला लॉटरीच, असं मीच सगळ्यांना हसत सांगत सुटले. मग मोरीत नळ सोडून रडून घेतलं.

त्याच आठवड्यात ऑफिसनं फोनवर माझ्या जागी मशीन बसवलं. साहेब म्हणाले, "आवाज मात्र तुमचाच ठेवू." खुर्ची घ्यायची आणि आवाज ठेवायचा, वा रे वा! तरी बसले मी. टेक्निशियननं यादी दिली. विक्रीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा, कृपया थांबा. एकूण एक्केचाळीस वाक्यं, एकेक करून रेकॉर्ड केली.

ऑपरेशननंतर मी पाटीवर लिहून बोलायची. सात वर्षांच्या लेकीला माझं अक्षर लागायचं नाही, ती वैतागायची. मग तिनं ऑफिसचा नंबर शोधून काढला. शाळेतून आली की दप्तर भिरकावून आधी फोन. एक दाब, दोन दाब, आईला ऐक. तिला अडवणार कोणत्या तोंडानं?

एका दुपारी मी शेजारीच मटार सोलत बसले होते. डबा उरला, असं ती फोनला सांगत होती. पलीकडून माझा आवाज आला, "का गं माऊ? भाजी आवडली नाही?"

शेंग हातात तशीच राहिली. माऊ हे तिचं घरातलं नाव. असलं काही मी रेकॉर्ड केलंच नव्हतं.

टेक्निशियनला मेसेज केला. त्यानं सगळं तपासून कळवलं, "ताई, एक्केचाळीसच आहेत. एकही जास्त नाही."

दुसऱ्या दिवशी लेक फोनवर खिदळत होती. इतकी ती माझ्याजवळ कितीतरी दिवसांत हसली नव्हती. माझं डोकंच फिरलं. रिसीव्हर हिसकावून कानाला लावला. पलीकडे सगळं गप्प. मी ओरडायला गेले, तर गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. ती हवा पलीकडे कोणीतरी नीट ऐकून घेतली.

मग माझाच आवाज म्हणाला, "कोण आहात तुम्ही? माझ्या मुलीकडे फोन द्या."

लेकीनं हात पुढे केलाच होता. मी दिला.