दिव्याच्या जागेवरचा वारा

मी बल्बच्या होल्डरमध्ये बसवलेला छोटा पंखा बोलतोय. 'पंखा' म्हणताना मी जरा चाचरतो. जे छताच्या कडीला दांड्याने लटकतात, ज्यांची पाती हातभर लांब असतात, त्यांना पंखा म्हणतात. माझा घेर जेवणाच्या ताटाएवढा. मधोमध बोटभर लांबीची पाती, त्यांच्यावर प्लॅस्टिकची जाळी, जाळीभोवती दिव्याचं पांढरं कडं, आणि डोक्यावर बल्बला असतात तसे आटे. मी दिवा की पंखा, याचा निकाल माझ्या खोक्यानेही लावला नव्हता. त्यावर दोन्ही लिहिलं होतं.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. कोणत्या गावी, ते सांगता येणार नाही. एकीने पाती बसवली, दुसरीने दिव्याचं कडं, तिसऱ्याने जाळी दाबली. शेवटच्या माणसाने क्षणभर वीज दिली. मी उजळलो, फिरलो, आणि त्याने मला खोक्यात घातलं. एवढंच माझं शिक्षण.

खोक्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. माझ्या वाऱ्याने तिचे केस भुरभुरत होते. आपल्याला हे जमेल का, ही काळजी मला त्या अंधारातच लागली.

एप्रिलमध्ये खोकं उघडलं ते गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या घरात. घर रघुवीररावांचं. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून ते निवृत्त झालेले, त्याला पंधरा वर्षं झाली होती. जी गोष्ट इतर माणसं हातात घेऊन वापरायला लागतात, तिच्याकडे ते आधी चष्मा पुसून संशयाने बघत. माझ्या बोलण्यात जी शंकेखोर सवय तुम्हाला दिसेल ती त्यांची आहे. त्यांच्याच डोक्यावर राहून मी भाषा शिकलो.

मला मागवलं होतं त्यांच्या मुलीने, मनवाने. ती बोरिवलीला राहते. "बाबा, बल्ब काढायचा, हा फिरवून लावायचा. संपलं," असं तिने फोनवर सांगितलं होतं.

पण त्या घरात काहीच असं संपत नसे. आतल्या खोलीवर माळा होता, आणि माळ्याच्या फळ्या म्हणजेच तिथलं छत. हात वर केला की टेकायचं. मोठा पंखा लावला असता तर पहिल्या दिवशीच कुणाचं तरी डोकं फुटलं असतं. त्या खोलीत त्यांच्या पत्नीची, ललिताबाईंची खाट होती, कारण मोरी तिथून चार पावलांवर. त्यांची फुप्फुसं आतून निबर होत चालली होती. खोलीत प्लग एकच, आणि त्याला ऑक्सिजनचं मशीन लावलेलं. ते दिवसभर घुर्र करत असे. त्यामुळे टेबलफॅनला ना प्लग होता, ना जमिनीवर जागा. उरला होता तो बल्बचा होल्डर.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "चेहऱ्यावर वारा राहू दे. वाऱ्याने ऑक्सिजन वाढत नाही, पण गुदमरल्याची भीती कमी होते. या दुखण्यात भीतीच फार त्रास देते."

म्हणून मी आलो. माझं काम भीती कमी करण्याचं होतं. हे मी त्या दिवशी ऐकलं आणि नंतर एक दिवसही विसरलो नाही.

मला लावण्याआधी रघुवीररावांनी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागे उभी रेघ मारली. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. कडी लागत नाही. प्लग लागत नाही. पाती जाळीत असल्यामुळे हाताडोक्याला धोका नाही. दिवा आणि वारा एकाच जागेत. हे डावीकडे. उजवीकडे लिहिता लिहिता पेन थांबेना. वारा फार तर दोन हात खाली पोचणार. होल्डर बल्बच्या वजनासाठी असतो, फिरणाऱ्या वस्तूसाठी नसतो. थरथरीने आटे सैल होतील. दिवा गेला तर पंखाही फेकावा लागेल. दुरुस्ती होत नाही. भिंतीवरचं बटण दाबल्यावर फक्त दिवा लागतो, पंख्यासाठी रिमोट लागतो. रिमोट हरवल्यास? इथे प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं होतं.

ललिताबाईंनी कागद मागून घेतला आणि डोळ्यांजवळ धरून वाचला.

"अहो, लग्नाआधी माझ्याबद्दलपण असे दोन रकाने केले होते का?"

"केले होते."

"आणि?"

"दुसरा जास्त लांब झाला."

"मग हो कसं म्हणालात?"

"कागद हरवला."

त्या हसल्या, मग हसण्याने खोकला आला.

मला बसवायला गल्लीतला राकेश आला. वायरिंगची कामं करणारा. त्याने जुना बल्ब काढला आणि मान हलवली.

"काका, हा होल्डर वायरला लोंबकळतोय. बल्ब ठीक आहे, पण हा फिरता आयटम. एक दिवस काकूंच्या अंगावर येईल. आणि हा पिनवाला आहे, तुमच्या पंख्याला आटे आहेत. बसणारच नाही."

"मग काय करायचं?"

"फळीला पट्टी मारतो, त्याच्यावर आट्यांचा होल्डर घट्ट ठोकतो. टेन्शन नाय घ्यायचं."

"वायर जुनी आहे रे."

"वायर माझ्यापेक्षा जुनी आहे. पण हा खातो किती? उंदराएवढं."

"नक्की पडणार नाही?"

"काका, तुम्ही प्रोफेसर. तुम्ही सांगा."

राकेश गेल्यावर प्रोफेसर स्टुलावर चढले, माझ्या जाळीतून सुतळी ओवली आणि फळीच्या खिळ्याला तीन गाठी मारल्या.

"अहो," ललिताबाई खाटेवरून म्हणाल्या, "पंखा आहे तो. वासरू बांधल्यासारखं काय करताय?"

मग रघुवीररावांनी रिमोटचं बटण दाबलं, आणि मी फिरलो. खाली ललिताबाईंचा चेहरा होता. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मला वाटलं, झालं, खोक्यावरचं सगळं खोटं. मग त्यांच्या कपाळावरचे दोन-चार पांढरे केस हलले. त्यांनी डोळे मिटले, आणि आवळून धरलेली चादर त्यांच्या मुठीतून हळूहळू सुटली. रघुवीरराव ती मूठ बघत उभे होते. मीही तीच बघत होतो.

माझ्या आयुष्यात अभिमान वाटावा असं एवढंच घडलं. सहा महिने ते रोज घडत होतं, म्हणून मला ते पुष्कळ वाटायचं.

त्या खोलीतच, खाटेच्या पायथ्याशी, देव्हारा होता. तिन्हीसांजेला निरांजन लावायचं हा ललिताबाईंचा नेम. आता त्या उठू शकत नसत, म्हणून रघुवीरराव लावत आणि त्या खाटेवरून सांगत. "वात बुडवा आधी. अहो, तूप किती ते. होमाला बसलात का?" पण पहिल्याच संध्याकाळी माझ्या वाऱ्याने ज्योत विझली. दुसऱ्यांदा लावली, दुसऱ्यांदा विझली. ललिताबाईंचा चेहरा उतरला. आजारी माणसाच्या घरात दिवा विझणं त्यांना चांगलं वाटेना. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनाही वाटेना, पण ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

तेव्हापासून तसाच क्रम पडला. तिन्हीसांजेला मला बंद करायचं. निरांजन लावायचं. ज्योत स्थिरावली की देव्हाऱ्याचं काचेचं दार लोटायचं. मग भिंतीवरचं बटण दाबायचं. माझं पांढरं कडं उजळलं की ललिताबाई मला हात जोडत. घरात विजेचा दिवा लागला तरी नमस्कार करणारी ती पिढी. मला फार ओशाळल्यासारखं व्हायचं. कारण त्या क्षणी मी फक्त दिवा असे. वारा रिमोटशिवाय सुरू होत नसे. हात जोडून झाले की त्या आठवण करत, "अहो, वारा." मग रघुवीरराव रिमोट दाबत.

"अहो, वारा." रोज. या दोन शब्दांवर माझी सगळी संध्याकाळ टांगलेली असायची, त्या सुतळीपेक्षाही जास्त.

सप्टेंबरात ललिताबाईंचा आवाज गेला. बोलण्याइतका दम उरेना. त्या नुसतं बोट वर करत, माझ्याकडे. मनवा रविवारी आली तेव्हा तिने रिमोट त्यांच्या हातात दिला. "आई, तूच लाव आता. बाबांवर अवलंबून राहू नकोस, ते आधी विचार करतील." सगळे हसले. रिमोट तेव्हापासून त्यांच्या उशाशी असे.

आता ऑक्टोबरातली ती संध्याकाळ. मी जमेल तसं क्रमाने सांगतो.

दिवसभर उकाडा होता. माळ्यावरच्या फळ्या तापल्या होत्या, ते मला वरून जाणवत होतं. दिवेलागणीला रघुवीररावांनी मला बंद केलं, निरांजन लावलं, हात जोडले, काचेचं दार लोटलं आणि बटण दाबलं. माझं कडं उजळलं. त्यांनी वर पाहिलं. कड्याच्या उजेडामागची पाती दिसत नाहीत, फिरत असोत वा नसोत. मोतीबिंदू न झालेल्या डोळ्यांनाही दिसत नाहीत. आणि माझी बारीक घरघर मशीनच्या घुर्रमध्ये कधीच ऐकू येत नसे.

तेवढ्यात फोन वाजला. मनवाचा. आतल्या खोलीत आवाज तुटतो, म्हणून ते गॅलरीत गेले. दार उघडं होतं. मला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं.

"हो. आत्ताच दिवा लावला... नाही गं, बरी आहे... हो हो, पंखा चालू आहे... पडलीये शांत. तू जेवलीस का? ... जावईबापूंना सांग, रविवारी या म्हणावं."

खाली ललिताबाईंनी बोट वर केलं. बघायला कुणी नव्हतं. मग त्यांनी उशाशी चाचपून रिमोट घेतला. माझ्या कडेला एक बारीकसा डोळा आहे, रिमोट त्याच्याकडे रोखावा लागतो. त्यांचा हात छातीपासून चार बोटं उचलला आणि खाली आला. पुन्हा उचलला. त्यांनी बटण दाबलं, तेव्हा रिमोटचं तोंड देव्हाऱ्याकडे होतं. मी त्यांच्याकडे बघत होतो. मला वीज मिळत होती. पाती धड होती, आटे घट्ट होते, राकेशचा होल्डर पक्का होता. ज्या ज्या गोष्टीची त्या कागदावर भीती लिहिली होती, त्यातली एकही झाली नव्हती. फक्त मला कुणी 'फिर' म्हटलं नव्हतं, आणि मला आपण होऊन फिरता येत नाही.

रिमोट खाली पडला. त्याचं मागचं झाकण निघालं.

पंधरा मिनिटांनी रघुवीरराव आत आले. जमिनीवर रिमोट बघून आधी ते वाकले, सेल गोळा केले, उलटे की सुलटे ते चष्म्यातून पाहून नीट बसवले, झाकण लावलं. मग त्यांनी खाटेकडे पाहिलं. ललिताबाईंच्या मुठीत चादर होती. घट्ट.

त्यांनी दोनदा हाक मारली. मग हळूच हात वर केला आणि माझ्याखाली तळवा धरला. बराच वेळ धरला. माझ्याकडून काहीच आलं नाही.

शेजारच्या शांतावहिनी आल्या, डॉक्टर आले. डॉक्टर म्हणाले, "आज ना उद्या होणारच होतं. ऑक्सिजन चालू होता ना? मग झालं तर. तुम्ही सगळं केलंत." पंख्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. मनवाने आल्या आल्या विचारलं, "बाबा, त्रास झाला का तिला?"

"नाही," रघुवीरराव म्हणाले. "शांत गेली."

मीही त्यावर पुष्कळ विचार केला आहे. वाऱ्याने ऑक्सिजन वाढत नाही. म्हणजे मी फिरत असतो तरी त्या गेल्या असत्या. हे बरोबर आहे. पण वाऱ्याने भीती कमी होते, हेही त्याच डॉक्टरांचं म्हणणं. मग त्या भीतीत गेल्या का? हे दोघांना माहीत आहे, त्यांतला एक बोलत नाही आणि दुसऱ्याला बोलता येत नाही. आत्ता बोलतोय, पण ते त्यांच्या कानावर जाणार नाही.

खाट काढली. त्या जागी, बरोबर माझ्याखाली, पिठावर पणती ठेवली. ती विझू द्यायची नसते, म्हणून तेरा दिवस मला फिरवलं नाही. रघुवीरराव पणतीशेजारी घाम पुसत बसून राहत.

चौदाव्या दिवशी ते कॅलेंडरचं पान त्यांना पंचांगाखाली सापडलं. त्यांनी उजव्या रकान्यात, सगळ्यांच्या शेवटी लिहिलं: 'चालू आहे की बंद, दिसत नाही.' ते वाचत बसले. मग ते खोडून त्याखाली लिहिलं: 'मी हात धरून पाहिला नाही.' आणि कागद परत घडी करून ठेवला. तो हरवला नाही अजून.

आता मार्च चालू आहे. मी तिथेच आहे, सुतळीच्या तीन गाठींसकट. ऑक्सिजनचं मशीन परत गेलं, प्लग मोकळा आहे, पण त्याला काही लावलेलं नाही. मागच्या रविवारी मनवा आली होती, पदराने वारा घेत होती.

"बाबा, एवढं उकडतंय. पंखा तरी लावा ना!"

"नको," ते म्हणाले. "दिवा विझेल."

मनवाने देव्हाऱ्याकडे पाहिलं. दुपारचे तीन वाजले होते. देव्हाऱ्यात दिवा नव्हता. ती पदर हलवत राहिली.

तुमच्या घरी कुणी आजारी असेल आणि बल्बच्या जागी माझ्यासारखा कुणी बसवला असेल, तर माझी एकच विनंती आहे. त्याच्या उजेडाकडे बघून निघून जाऊ नका. तो उजेड आम्ही कुणालाही देतो, त्याला काही अर्थ नाही. हात वर करा आणि तळव्याला काही लागतंय का ते बघा.

रघुवीरराव आता तेच करतात. रोज तिन्हीसांजेला मला बंद करतात, निरांजन लावतात, काचेचं दार लोटतात, बटण दाबतात. माझं कडं उजळतं. रिमोट देव्हाऱ्याच्या खणात आहे, तो ते काढत नाहीत. माझ्याखाली येऊन तळवा वर धरतात आणि मान थोडी कलती करून उभे राहतात, कुणीतरी दोन शब्द बोलेल म्हणून ऐकत असल्यासारखे. हात दुखेपर्यंत. मग हात खाली घेतात.