खताच्या टाकीवर

"घाण येतेय तोवर घाबरू नकोस, सूनबाई. घाण यायची एकदम थांबली, की पळायचं," टाकी पहिल्यांदा दाखवताना सासरे म्हणाले होते. मी बी.एस्सी. झालेली. ओढणी नाकाला लावून हसले नि सोडून दिलं.

आयुष्यभर पंप दुरुस्त केलेला हा माणूस निवृत्तीनंतर पोल्ट्रीच्या खतशेडवर लागला. कोंबड्यांची विष्ठा पाण्यात कालवायची, आम्ल सोडून तिच्यातलं फॉस्फरस पाण्यात उतरवायचं, मग गाळलेल्या पाण्यातून त्याचे पांढरे दाणे तळाला बसवायचे. तेच खत पुन्हा शेतात. पहिली मूठ त्यांनी घरी आणून दाखवली. "कुणाची टाप आहे, हे घाणीतनं निघालंय म्हणायची?"

त्या दुपारी त्यांचा डबा घरीच राहिला. बाळाला खांद्यावर टाकून मी द्यायला गेले. दारातच सडक्या अंड्यांचा भपकारा आला. चार पावलं आत गेले, तर काहीच नाही. बरं वाटलं, बाळ कुरकुरणार नाही.

ते टाकीच्या काठावर उभे. सर्दीने नाक लाल.

"आलीस? माझं नाक संपावर गेलंय. तुला येतोय ना वास?"

"छे! बाबा, बाग झालीय तुमची टाकी."

त्यांनी वर पाहिलं. हवा ओढणारा पंखा बंद पडला होता.

"बाहेर हो. बाळाला घे नि पळ!"

"अहो, पण तुम्ही..."

"पळ म्हणतो ना!"

मी पळाले. वाटलं, मागोमाग येतील. विषारी वायू आणखी होऊ नये म्हणून ते आम्लाचा कॉक बंद करायला वळले होते. मी बाहेरून हाका मारत राहिले. कडेवर बाळ, आत जाता येईना. हाका ऐकून शेजारच्या गोदामातले दोघे ऑक्सिजनचे मुखवटे चढवून आत गेले, त्यांनी सासऱ्यांना ओढून काढलं.

सासरे वाचले. टाकीतला वायू वाढला की आधी नाकच बधिर करतो, हे मला नंतर कळलं. आता चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. दूध करपलं तरी कळत नाही. मी त्यावरून बोलले की म्हणतात, "कॉक तर बंद केला ना?" बाळ झोपलं की मी अजून त्याचा श्वास बघत बसते.

टाकीवर आता दुसरे गृहस्थ आहेत. एकटेच असतात. वास थांबला की पळा, हे मी सांगायला गेले तर म्हणाले, "ताई, मला या वासाची सवय आहे." सकाळ-दुपार माझी एकेक फेरी होते, चारनंतर घर सोडता येत नाही. तुमचा रस्ता तिकडून असेल तर शेडपाशी थांबा. आत जाऊ नका. लांबूनच विचारा, "काका, बरे आहात ना?" उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका. नाहीच आलं, तर गोदामात धावा.